वानखडे की वानखेडे

पुढच्या शुक्रवारी मी जर्मनीला जाते आहे. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर म्हणून. व्हिसा पासपोर्टवर चिकटला तेव्हापासून गावात आणि व्हॉट्सॲपवर मला दोनच प्रश्न विचारले जातात. एजंटला किती दिले? आणि आमच्या पोराचं होईल का? पहिल्याचं उत्तर एका शब्दात आहे: काहीच नाही. दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं. अकरा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. मी मेकॅनिकल केलं नागपूरला, मग बुटीबोरीत तीन वर्षं आणि पुण्यात चार वर्षं काढली. गेल्या मे महिन्यात नोकरीचं पत्र आलं. घरात साखर वाटून झाली आणि जूनमध्ये कंपनीतल्या बाईंचा मेल आला. दोन कागद जोडून एकच ओळ लिहिली होती: हे दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत का?

एक कागद माझी डिग्री, दुसरा पासपोर्ट. डिग्रीवर इंग्रजीत 'एच ए डी ई', पासपोर्टवर 'एच ई डी ई'. वानखडे आणि वानखेडे. आमच्याकडे सगळे वानखडेच म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर तेच, दहावीच्या सनदेवरही तेच. पण गावात आधारचा कॅम्प लागला होता तेव्हा टाईप करणाऱ्या पोरानं खेडे केलं. मुंबईच्या स्टेडियममुळे सगळ्यांच्या बोटांना तेच वळण. मी तेव्हा कॉलेजात होते, पावती पाहिली आणि घडी करून पर्समध्ये टाकली. पुढे पॅन आधारवरून निघालं, पासपोर्टही आधारवरून निघाला. सात वर्षं कोणाचं काही अडलं नाही. अडलं ते तिथे, जिथे मला तोंडानं सांगायची सोयच नव्हती की अहो, ही मीच.

इथे थोडं सांगते की हा व्हिसा नेमका चालतो कशावर. युरोपियन युनियनचं ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या बाहेरच्या माणसाला तिथे राहून नोकरी करायचा परवाना. कायदा 2009 चा, 2021 मध्ये नवा केला, आणि जर्मनीनं नवे नियम नोव्हेंबर 2023 पासून लागू केले. युनियनमधले डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. मुळात तीन गोष्टी लागतात: मान्य असलेली पदवी, हातात असलेला नोकरीचा करार, आणि ठरावीक रकमेच्या वरचा पगार. 2025 साठी जर्मनीत ती रक्कम वर्षाला 48,300 युरो होती. इंजिनिअर, डॉक्टर, आयटीवाले अशा तुटवड्याच्या कामांना त्या वर्षी 43,759.80 युरो चालत होते, पण मग तिथल्या रोजगार खात्याची मंजुरी लागते. माझा करार 52,000 चा असल्यामुळे ती मंजुरी लागली नाही. हा पगार कर कापायच्या आधीचा धरतात, हे लक्षात ठेवा. दरवर्षी जानेवारीत आकडा बदलतो, म्हणून हे वाचाल तेव्हा नवा आकडा बघून घ्या.

पदवी मान्य आहे का, हे कोणाला विचारायची गरज नाही. 'अनाबिन' नावाची त्यांची फुकटची यादी इंटरनेटवर आहे. आपल्या विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्य) दिसलं आणि आपली पदवीही तिथे समकक्ष दाखवली असेल, तर ती पानं छापून जोडायची. नसेल तर त्यांच्या कार्यालयाकडून समकक्षतेचा दाखला काढावा लागतो. आयटीत काम करणाऱ्याकडे पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव असेल तर वाट आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्याच भागातल्या एका पोराकडून एजंटनं याच 'वाटेचे' अडीच लाख मागितले होते. व्हिसाची फी 75 युरो आहे. 2025 च्या जानेवारीपासून अर्ज ऑनलाइन भरतात, कागद अपलोड करतात आणि शेवटी बोटांचे ठसे द्यायला एकदा जावं लागतं. मी वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर मुंबईला गेले, सकाळी ठसे दिले आणि त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसले. यात अडीच लाखांचं काम कुठे आहे, हे त्या पोराच्या बापानं मला विचारलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. बैल विकायला काढले होते त्यांनी.

खरं काम होतं ते नावाचं. सगळी शिक्षणाची कागदं 'खडे' होती, म्हणून बाकीचं त्यांच्या मागे न्यायचं ठरवलं. आधी आधार, मग पॅन, मग पासपोर्ट. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावरच्या मुलाच्या शेजारी उभं राहून मी एकेक अक्षर मोठ्यानं वाचून घेतलं. नवा पासपोर्ट ऑगस्टच्या शेवटी हाती आला. कंपनीनं रुजू व्हायची तारीख सप्टेंबरवरून डिसेंबरवर ढकलली. त्या बाईंनी तेव्हा धीर धरला नसता तर मी आज पुण्यातच असते.

हे सगळं चालू असताना बाबा रोज संध्याकाळी बंगईवर बसून ऐकत. एका रात्री त्यांनी विचारलं, "मंग आमाले तिथं येता येते का नाई?"

मी शोधलं. नियम आहे. 1 मार्च 2024 नंतर ज्याला पहिल्यांदा असं कार्ड मिळालं, त्याला आईवडलांनाही राहायला बोलावता येतं. पण त्यांचा सगळा खर्च आणि आरोग्य विमा आपण दाखवायचा. तिथल्या सरकारी विम्यात नवरा, बायको, मुलं कुटुंब म्हणून येतात, आईवडील येत नाहीत. बाबांना शुगर आहे, वय बासष्ट. खाजगी विमा त्यांना कोण आणि कितीला देईल, या विचारानं मी त्या रात्री लॅपटॉप बंद केला. (लग्न झालेल्यांना हे सोपं आहे. जोडीदाराला जर्मन यावंच लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून नोकरीही करता येते.)

सकाळी बाबाच म्हणाले, "राहाले कोन चाललं? वावर कोन पाहीन? पाहाले येतो म्हनतो मी."

पाहायला यायचं तर साधा शेंगेन व्हिसा, 180 दिवसांत 90 दिवस. आणि शेतकऱ्याच्या वर्षात तेवढी जागा असते. तूर निघून मळणी झाली, हरभरा घरात आला की पाडव्यापासून रोहिण्यांपर्यंत वावर मोकळं. वखरणी तेवढी काकांच्या भरवशावर. आम्ही दोघांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून दिवस मोजले. आईला गुडघ्यांमुळे एवढा प्रवास नको आहे. ती म्हणते, तू पोरीचं घर पाहून ये आणि मला फोनवर दाखव.

परत येणारच, याचा पुरावा म्हणून बाबांकडे सातबाऱ्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. काढला, आणि तिथेही नाव. आजोबा वारले तेव्हाच्या फेरफारात तलाठ्यानं 'रामा' लिहिलं. आधारवर रामराव. शाळेच्या दाखल्यावर रामराव. चाळीस वर्षं त्या अकरा एकरांचा धनी कागदावर 'रामा' आहे. बँकेचं पीककर्ज दरवर्षी त्याच नावानं निघालं, सोसायटीत सगळे ओळखतात, मग कोण बदलणार? तहसीलमध्ये जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली लेखनातली चूक दुरुस्त करायचा अर्ज दिला आहे. सोबत जुन्या फेरफाराची नक्कल, दाखला आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र.

बाबांचा पासपोर्ट काढायला नागपूरला गेलो तो दिवस मला विसरता येणार नाही. वेचणी सुरू झालेली, बाया मिळत नाहीत म्हणून आठ दिवस ते स्वतः वेचत होते. काचेवर बोटं ठेवली, मशीन घेईना. बोंडाच्या वाळल्या पाकळ्यांनी बोटांची टोकं सोललेली, अंगठ्यावर रेषा म्हणून काही उरलीच नव्हती. तिथल्या मुलीनं ओलं कापड दिलं. पुसून ठेवली, नाही. मी माझ्या पर्समधली क्रीम लावली. "जोरात दाबा काका," ती म्हणाली. बाबांनी असं दाबलं की काच फुटेल वाटलं. ती मुलगी हसली नाही, चिडली नाही, पाच वेळा केलं तिनं. पाचव्यांदा हिरवा दिवा लागला. बाहेर येऊन बाबा बराच वेळ आपली बोटं पाहत होते.

ज्यांची पोरं आज सातवी-आठवीत आहेत त्यांनी आज संध्याकाळी पाच कागद काढा: जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, आईवडलांचं आधार आणि सातबारा. इंग्रजी स्पेलिंगसकट शेजारी शेजारी ठेवून वाचा. दहावीच्या फॉर्मआधी शाळेत चूक दुरुस्त होते. नंतर बोर्डात जावं लागतं. पोरगं परदेशी जावो की न जावो, तलाठी आणि बँक कुठेच जात नाहीत.

माझ्या कार्डावर जर्मनीत 27 महिने काम केलं, पेन्शनचे पैसे भरले आणि जर्मनची ए-1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा पास असले की कायम राहण्याचा परवाना मिळतो. बी-1 पर्यंत शिकले तर 21 महिन्यांत. ए-1 माझी पुण्यात झाली आहे. बी-1 चं पुस्तक बॅगेत सगळ्यात वर ठेवलं आहे.

तहसीलची तारीख 4 डिसेंबरची आहे, तेव्हा मी तिथे असेन. बाबांना एकट्यानं जावं लागेल. सगळे कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये लावले, प्रत्येकावर पेन्सिलनं आकडा टाकला. बाबांनी ती फाईल पाहिली, पासपोर्ट उघडून स्वतःचं नाव एकदा बोटानं वाचलं, आणि मला विचारलं, "पोरी, रोहिन्यांच्या आंधी वापस येनं होईन ना? बियाचं पाहा लागते मंग."

होईल बाबा, मी सांगितलं. 22 मेचं तिकीट काढते.