२४०झेडचं टर्बो इंजिन : पाचव्या बेअरिंगने खाल्लेले तीन आठवडे

मंडळी, मागची नोंद दिवाळीच्या आसपासची होती. तेव्हा ब्लॉक (इंजिनाचा मूळ सांगाडा) बोअर होऊन, म्हणजे सिलिंडर थोडे मोठे करून, आला होता आणि 'नाताळपर्यंत शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचं, क्रँक-पिस्टन बसवलेलं इंजिन) तयार' असं मी मोठ्या तोंडाने लिहून बसलो होतो. आता फेब्रुवारी संपत आलाय. मिशिगनच्या थंडीवर ढकलता आलं असतं, पण खरं कारण माझ्याच टेबलावर होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी १९७२ची डॅटसन २४०झेड, मूळ इंजिन २३९३ सीसीचं एल२४. त्या जागी घालतोय एल२८ईटी, म्हणजे अमेरिकेत १९८१ ते ८३ दरम्यान २८०झेडएक्स टर्बोला आलेलं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. २७५३ सीसी, ८६ मिमी बोअर, ७९ मिमी स्ट्रोक, गॅरेटचा टी३ टर्बो, इंटरकूलर नाही, कंपनीचा दावा १८० हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन (सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं) फक्त ७.४. ते वाढवून घे असा सल्ला मला निदान चौघांनी दिलाय. पण साध्या झेडचे सपाट माथ्याचे पिस्टन घालून वर टर्बो लावायचा आणि मग नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकण्याला) घाबरून टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढत बसायचं, यात मला अर्थ दिसत नाही. खोलगट माथ्याचेच, पण फोर्ज्ड पिस्टन घेतले, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज. आता बोअर ८६.५ आणि हिशेब २७८५ सीसीचा. पुढे इंटरकूलर लावून १० ते १२ पीएसआय बूस्टवर (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबावर) थांबायचं ठरवलंय. कंपनीचं सेटिंग सातच्या आसपास होतं.

(पेट्रोलबद्दल दोघांनी विचारलं होतं. इथल्या पंपावरचं ९३ ऑक्टेन आणि भारतातलं ९५ ही दोन वेगळी मापं आहेत. इथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. इथलं ९३ भारतातल्या मापाने साधारण ९८ भरतं. त्यामुळे माझे आकडे पाहून कुणी पुण्यात बूस्ट वाढवू नका.)

आता मुद्द्याचं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रिंगा घेतल्या. टर्बोच्या इंजिनाला वरच्या रिंगेची फट जास्त लागते. रिंग तापली की लांबते, आणि टोकाला टोक भिडलं तर ती बोअरमध्ये आवळते आणि पिस्टनची कड घेऊन जाते. पिस्टनवाल्यांच्या कागदावर बोअर गुणिले ०.००५ असं सूत्र होतं, म्हणजे ०.४३ मिमी. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून ती सरळ खाली ढकलायची, फीलर गेज घालून फट बघायची, बाहेर काढून एकच टोक घासायचं, तेही बाहेरून आतल्या दिशेने, नाहीतर कडेचा मुलामा उडतो. पुन्हा आत. असं बारा रिंगांचं. दोन संध्याकाळी गेल्या. काम कंटाळवाणं आहे, पण मला आवडतं. रेडिओ लावायचा आणि घासत बसायचं.

तिसऱ्या दिवशी त्याच टेबलावर मी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) बसवायला घेतला. चूक इथे झाली.

एल सिरीजच्या इंजिनात क्रँक सात मेन बेअरिंगांवर फिरतो. सगळे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बसवले, क्रँक ठेवला, प्रत्येक जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) प्लॅस्टिगेजचा तुकडा ठेवून कॅप (बेअरिंगची बोल्टने बसणारी झाकणं) आवळल्या. ज्यांनी हे वापरलं नसेल त्यांच्यासाठी : मेणाच्या बारीक शेवईसारखा दोरा असतो. कॅप आवळली की तो चपटा होतो. क्रँक अजिबात न फिरवता कॅप काढायची आणि पट्टी किती रुंद झाली ते पाकिटावरच्या मापाशी ताडून बघायचं. पट्टी जितकी रुंद, तितकी फट कमी. सहा बेअरिंगांवर फट ०.०४५ मिमीच्या आसपास. पाचव्यावर ०.०२५.

मॅन्युअलात मेनची फट ०.०२० ते ०.०७२ मिमी दिलीय. म्हणजे ०.०२५ पास. मी वहीत बरोबरची खूणही केली.

त्या रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी आठला, नेहमीप्रमाणे आण्णांचा व्हिडिओ कॉल आला. आण्णांनी कोल्हापुरात उद्यमनगरात तीसेक वर्षं ऑइल इंजिनांची कामं केली. टर्बोबद्दल त्यांना फारसं कौतुक नाही, "फुंकणी" म्हणतात. पण बेअरिंग म्हटलं की चहा बाजूला ठेवतात. मी आकडे वाचून दाखवले. ते थाऊत (इंचाच्या हजाराव्या भागात) विचार करतात, मी मिलिमीटरमध्ये, त्यामुळे मध्ये थोडा वेळ जातो.

"पाचवं एक थाऊ म्हणतोस?"

"हो, पण पुस्तकात बसतंय की, आण्णा."

"पुस्तकाचं ऱ्हाऊ दे. बाकीची सहा काय म्हणत्यात?"

बाकीची सहा पावणेदोन थाऊ म्हणत होती. एकाच क्रँकवर, एकाच दिवशी घासलेल्या जर्नलांत हा फरक कुठून येणार? मायक्रोमीटरने जर्नल मोजले होते, सातही सारखे. मग उरतो शेल. फोन ब्लॉकला टेकवून ठेवला आणि आण्णांच्या देखतच क्रँक उचलला, पाचवा शेल सरकवून बाहेर काढला. उलटा केला. पाठीवर, मधोमध, एक चमकता ठिपका. खाली ब्लॉकच्या खोबणीत नखाला लागेल न लागेल असा कण. आदल्या दिवशी घासलेल्या रिंगेचा कीस! मी टेबल झटकलं होतं, पण ज्या फडक्याने शेलची पाठ पुसली ते दोन दिवस त्याच टेबलावर पडून होतं.

"फडकं कशाला घेतलंस? अंगठ्यानं पुसायचं. अंगठ्याला कळतं, फडक्याला कळत न्हाई."

हे मी लहानपणी त्यांना शेकडो वेळा करताना पाहिलंय. शेल हातात घ्यायचा, पाठीवरून अंगठा सावकाश फिरवायचा, अंगठा पँटीला पुसायचा, पुन्हा फिरवायचा. (पँटीचं अनुकरण नको.) मला ती त्यांची सवय वाटायची. ती तपासणी होती.

शेलला पोचा पडला होता. एक शेल सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागतो. ब्लॉक पुन्हा धुतला, तेलाच्या वाटा ब्रशने साफ केल्या, टेबलावर नवा कागद अंथरला, रिंगा घासायचं काम कायमचं गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. नवा सेट, पुन्हा प्लॅस्टिगेज. सातही ०.०४ ते ०.०५च्या मध्ये. क्रँकची मागेपुढे हालचाल ०.११ मिमी, पुस्तकात ०.०५ ते ०.१८. सगळ्या कॅप पाच किलोग्रॅम-मीटर टॉर्कला आवळल्यावर क्रँक एका बोटाने फिरला.

थंडीची एक गंमत. गॅरेजमध्ये उणे पाच होतं त्या दिवशी पिस्टन आणि बोअरमधली फट मशीनवाल्याच्या आकड्यापेक्षा दोन शतांश मिमी जास्त दिसली. त्याला फोन करणारच होतो. मग लक्षात आलं की पिस्टनचं ॲल्युमिनियम ब्लॉकच्या बिडापेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. ८६.५ मिमीच्या पिस्टनला पंचवीस अंशांच्या फरकात तेवढे दोन शतांश सहज जातात. हीटर लावून संध्याकाळभर थांबलो, आकडा जुळला.

पिस्टन गेले, कनेक्टिंग रॉड आवळले, फार सांगण्यासारखं काही नाही. हेड बसवायच्या आधीच पुढचं कव्हर लावून घेतलं, म्हणजे हेड गॅस्केट त्या सांध्यावर नीट बसतं. यात चेनच्या मध्ये लाकडी पाचर ठोकून ठेवावी लागते, नाहीतर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बाहेर उडी मारतो आणि कव्हर पुन्हा खोला. मराठीत पाचर मारणं म्हणजे काम बिघडवणं. एल सिरीजमध्ये पाचर मारली नाही तर काम बिघडतं. माझी पाचर तुटक्या बॅटीची आहे.

मग ऑइल पंप. टर्बो मॉडेलचा, साध्यापेक्षा जास्त तेल ढकलणारा. पंपासोबतच डिस्ट्रिब्युटर फिरवणारी दांडी खालून वर जाते. पहिला सिलिंडर टॉपला (पिस्टन अगदी वर) असताना दांडीच्या वरच्या टोकाची खाच घड्याळातल्या ११ वाजून २५ मिनिटांसारखी दिसली पाहिजे, असं मॅन्युअलात शब्दशः लिहिलंय. दाते तिरके असल्याने दांडी आत जाताना फिरते. पहिल्यांदा दहा वाजले, दुसऱ्यांदा साडेबारा, तिसऱ्यांदा बरोबर ११:२५. बोल्ट आवळले, फोटो काढला, चहा प्यायलो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा सहाव्या सिलिंडरकडचा तुटलेला स्टडही निघाला. त्यावर नट वेल्ड केला, लाल झाला, थंड होऊ दिला, पान्याने फिरला. पुढची काळजी टर्बोच्या खालच्या पाइपची आहे. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे, आणि अमेरिकन गाडीत स्टिअरिंगचा दांडाही डावीकडेच. आपल्यासारखी उजव्या हाताची गाडी असती तर ही अडचण आलीच नसती.

परवा रात्री आण्णांना आवाज ऐकवला. फोन ब्लॉकजवळ धरून पान्याने क्रँक दोन फेरे फिरवला. नव्या रिंगांसकट साधारण २५ न्यूटन-मीटर लागतात, कुठेही अडखळत नाही. ते डोळे मिटून ऐकत होते.

"फिरतंय झ्याक. पंप भरलास नव्हं तेलानं, बसवायच्या आधी?"

पंप कोरडा बसवला होता. उद्या उतरवतोय. पंप निघाला की दांडीही खाली येते, म्हणजे ११ वाजून २५ मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.