थंडी पडू दे

शनिवार, रात्र

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहायला हवं. उद्या ताजेपणा जातो.

सकाळी मी आणि धाकटी मुलगी, दोघी इथल्या, म्हणजे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या, ‘लेक जॉर्ज’ या तलावावर गेलो होतो. आम्ही राहतो तिथून गाडीनं सव्वा तास. पूर्वेकडच्या काठावर पायलट नॉबचा डोंगर आहे, तिथली जमीन लेक जॉर्ज लँड कॉन्झर्व्हन्सीनं राखलेली आहे. ही संस्था हिवाळ्यात लोकांना डोंगरात नेते. कधी बर्फातले ठसे ओळखायला, कधी नुसतं स्नोशू (पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) बांधून भटकायला, आणि कधी आजच्यासारखं कामाला. मला कामाची भटकंती सगळ्यात आवडते. हातात काही शोधायचं असलं की जंगलाकडे नीट बघितलं जातं.

आज शोधायची होती एक कीड. ईस्टर्न हेमलॉक नावाच्या झाडांवरची. (सॉक्रेटिसला दिलेलं विष ज्याचं, ते हेमलॉक म्हणजे वेगळंच एक रोपटं. हा पाइनच्या कुळातला उंच, सदाहरित वृक्ष आहे, शेकडो वर्षं जगणारा.) निघताना पारा उणे बारावर होता. वाटाड्या ताईंनी आधी सगळ्यांचे मोजे विचारले, सुती असतील तर बदला म्हणाल्या, कारण सुती कापड घामानं भिजलं की वाळत नाही आणि बोटं गारठतात. मग एक फांदी हळूच उलटी करून दाखवली. सुया जिथे डहाळीला चिकटतात, नेमकं तिथे बघायचं. कीड असेल तर कापसाचे बारीक बोळे चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. नाव वूली ॲडेल्जिड, माव्याची चुलत बहीण. जपानमधून आलेली, अमेरिकेच्या पूर्व भागात १९५१ मध्ये व्हर्जिनियात पहिल्यांदा नोंदली गेली आणि तिथून उत्तरेला सरकत राहिली. लेक जॉर्जच्या परिसरात २०१७ मध्ये प्रॉस्पेक्ट माउंटनवर सापडली, २०२० मध्ये ग्लेन आयलंडजवळच्या काठावर.

हिवाळ्यातच का शोधायची, हे मला आज नीट कळलं. ही कीड उन्हाळाभर झोपून राहते आणि ऑक्टोबरात जागी होते. सगळी झाडं निजलेली असताना ही डहाळीत सोंड खुपसून रस शोषत बसते. त्यामुळे तिचा कापूस आत्ताच उठून दिसतो. शिवाय पिल्लं रांगायला लागतात ती वसंतात. ती पक्ष्यांच्या पायांना, माणसांच्या कपड्यांना चिकटून पसरतात. आत्ता फिरलं तर आपल्याच अंगावरून दुसऱ्या झाडावर जायची भीती कमी.

उंच फांद्यांचं काय करायचं, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर साळिंदरानं दिलं. हिवाळ्यात साळिंदर हेमलॉकच्या शेंड्याकडे चढून बसतं, डहाळ्या कुरतडतं आणि अर्ध्या खाली टाकतं. झाडाखाली बर्फावर हिरवा सडा पडलेला होता. त्याच डहाळ्या उचलून तपासायच्या, म्हणजे वर न चढता शेंड्याची खबर लागते. त्या सड्यावर हरणंही येतात. दाट हेमलॉकखाली बर्फ कमी साचतो, वारा लागत नाही, म्हणून कडाक्याच्या दिवसांत हरणांचा मुक्काम तिथेच. धाकटीला हरणाच्या खुरांशेजारी सशाची उडी सापडली. मागचे मोठे पाय पुढे उमटलेले आणि पुढचे छोटे मागे. ती तिथे गुडघ्यावर बसली ती उठेचना. "आई, तो त्या दिशेला गेलाय, या दिशेला नाही," हे तिनं तीन जणांना समजावून सांगितलं.

आमच्या गटाला कीड सापडली नाही. नोंदवहीत प्रत्येक झाडापुढे "नाही" लिहिताना जो आनंद होत होता, तो शब्दांत मांडता येणार नाही.

एका झाडासाठी एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारलं तर ओढ्यापाशी न्यायला हवं. हेमलॉक उभ्या उतारावर, ओढ्यांच्या घळीत वाढतो. मुळांनी माती धरून ठेवतो, सावलीनं पाणी गार ठेवतो. असे सगळे ओढे शेवटी तलावात जातात. एक्कावन्न किलोमीटर लांबीचा हा तलाव, काठावरची कित्येक घरं त्याचंच पाणी पितात. किडीनं हेमलॉक मेले आणि घळी उघड्या पडल्या की माती आणि तिच्यातलं खत खाली येणार, त्यावर पाण्यात शेवाळ पोसणार. नोव्हेंबर २०२० मध्ये या तलावात विषारी शेवाळाचा तवंग पहिल्यांदा नोंदला गेला, तेव्हा आसपासचे लोक हादरले होते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ तर येतंच आहे. १९८० ते २००९ या काळातल्या पाण्याच्या तपासणीत क्लोराइड (मिठातला एक घटक) तिपटीनं वाढलेलं दिसलं.

म्हणून ही संस्था १९८८ पासून तलावापेक्षा डोंगराच्याच मागे लागलेली आहे. काही जमीन विकत घेते. काही मालकांशी करार करते: जमीन तुमचीच राहील, विका, मुलांना द्या, पण तिच्यावर बांधकाम करायचा हक्क कायमचा सोडायचा. पुढचा मालकही त्या कराराला बांधील. काठावरच्या जमिनीला इथे काय भाव आहे ते पाहता, असा हक्क सोडून देणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

परतताना वरच्या गझीबोपाशी, म्हणजे छोट्या उघड्या मंडपापाशी, थांबलो. खाली तलाव काठाकाठानं गोठलेला, मध्ये मात्र काळंशार पाणी. अलीकडे काही हिवाळ्यांत तो पूर्ण गोठतच नाही.

रविवार, सकाळ

बाबांना फोन केला. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यात मृदसंधारणाच्या कामावर काढली. तलावाची लांबी-खोली त्यांनी विचारलीच नाही. पहिला प्रश्न, "उतार किती आहे गं?" मी घळीचं, मुळांचं, ओढ्याचं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माथा ते पायथाच की! आम्हीही चर वरूनच खणत यायचो. खाली बंधारा बांधून वरचा डोंगर बोडका ठेवला तर दोन पावसाळ्यांत नुसता गाळ." मग किडीवर औषध काय, ते कुठे मारतात, पाण्यात उतरत नाही ना, अशी चौकशी. खोडाच्या बुंध्याशी सालीवर फवारतात आणि पाण्याजवळ फार जपून, असं सांगितलं. कॉर्नेल विद्यापीठाची माणसं ही कीड खाणारे भुंगेरे सोडतात, हे ऐकून तर ते खूशच झाले. आई मागून एवढंच म्हणाली, "पोरीला कानटोपी होती ना?"

मंगळवार

हवामान खात्याचा अंदाज आलाय. गुरुवारी रात्री उणे सव्वीस.

या देशात आल्यापासून असा आकडा दिसला की माझा जीव कासावीस व्हायचा. यंदा मी तो वाचून उठून उभी राहिले. कारण शनिवारी ताईंनी सांगितलेलं डोक्यात आहे: पारा उणे वीस-पंचविसाच्या खाली उतरला तर ही कीड मोठ्या संख्येनं मरते. सगळी नाही. इथे तिच्यात नर नसतात, एकटी मादी वाचली तरी पुन्हा वंश वाढवते. पण झाडांना वर्ष-दोन वर्षांची उसंत मिळते, आणि तेवढ्यात माणसं पुढच्या घळी तपासून घेतात. हिवाळे असेच मऊ होत गेले तर ही उसंतही जाईल. म्हणून पडू दे थंडी. नळ गोठू नयेत म्हणून रात्री बारीक धार सोडून ठेवेन, गाडी चालू व्हायला त्रास देईल, तो सोसेन. पडू दे.

पुढच्या भटकंतीसाठी आमची दोघींची नावं नोंदवली आहेत. अल्बनी, शेनेक्टडीच्या बाजूला कुणी मराठी मंडळी असाल तर तुम्हीही या, मुलांना घेऊन या. लोकरीचे मोजे घाला. स्नोशू नसतील तर मला आधी कळवा, आमच्याकडे एक जोडी जास्तीची आहे.