पखवाजाच्या पिकअपसाठी प्लस-मायनस सप्लाय, फक्त दोन बॅटऱ्यांवर

जत्रेतला दशावतार असो की गणपतीतली डबलबारी, जनरेटरवर सगळं चालू असलं की अ‍ॅडॉप्टरवरचा प्रीअँप (पिकअपचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) हमखास घुमतो. प्रीअँपला बॅटरी दिली की अ‍ॅडॉप्टरमधून येणारी ही घूंऽऽ बंद होते. (मिक्सरचा स्वतःचा हम मात्र वेगळा, त्यावर हा उपाय नाही.)

मग 9 व्होल्टची एकच बॅटरी का नको? पखवाजामुळे. कणीक लावलेल्या पुडीवर खुली थाप पडली की तिथं चिकटवलेला पिएझो (कंपनाची वीज करणारी पिकअपची चकती) क्षणभर काही व्होल्टसुद्धा देऊन जातो. प्रीअँपमधल्या टीएल072 सारख्या आयसीचं आउटपुट दोन्ही टोकांना साधारण दीड व्होल्ट अलीकडेच थांबतं. म्हणजे एका बॅटरीवर वर-खाली 3 व्होल्टच मिळतात, दोन बॅटऱ्यांवर साडेसात. सुमारे 8 डेसिबलची ऐसपैस जागा. एका बॅटरीवर थापेचा माथा कापला जातो आणि भरदार नादाऐवजी फाटका ‘ठप्प’ ऐकू येतो.

जोडणी अशी: पहिल्या बॅटरीचा मायनस आणि दुसरीचा प्लस एकमेकांना जोडायचा. हा मधला जोड म्हणजेच ग्राउंड. जॅकची बाहेरची बाजू, शिल्डची जाळी, धातूचा डबा, सगळं इथंच येतं. पहिलीचा मोकळा प्लस आयसीच्या 8 नंबरच्या पायाला, दुसरीचा मोकळा मायनस 4 नंबरला. पिएझोसाठी इनपुटपासून ग्राउंडला 1 मेगओहमचा रेझिस्टर हवाच. त्याहून फार कमी घातला तर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो.

सगळ्यात जास्त घोटाळे स्विचमध्ये होतात. स्विच डीपीडीटी (एकाच खटक्यात दोन वेगळ्या वायरी तोडणारा) घ्या आणि प्लस व मायनस दोन्ही वायरी त्यातून न्या. पैसे वाचवायला कुणी साधा स्विच मधल्या जोडात टाकतात. त्यानं काहीच बंद होत नाही, कारण करंट 8 नंबरच्या पायातून 4 नंबरकडे वाहतच राहतो. गिटारच्या पेडलमध्ये स्टीरिओ जॅकनं बॅटरी तोडायची युक्ती असते, ती इथं उपयोगाची नाही. तिनं एकच बॅटरी तुटते. मग आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं आणि पुढं कपॅसिटर नसेल तर तेवढा डीसी सरळ मिक्सरमध्ये किंवा हेडफोनमध्ये जातो.

दोन्ही बाजूंना ग्राउंडपर्यंत 100 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा एकेक कपॅसिटर, आणि आयसीच्या पायांना अगदी खेटून 104 नंबरचा (0.1 मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर. मायनस बाजूच्या कपॅसिटरकडे नीट बघा: त्याचा प्लस पाय ग्राउंडला आणि पट्टीचा पाय मायनस 9 ला. सवयीनं तो हमखास उलटा बसतो.

बॅटरी बदलताना क्लिप नुसती उलटी टेकली तरी आयसी जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक बॅटरीला 1एन5817 डायोड घाला. प्लसच्या वायरीत पट्टी सर्किटकडे, मायनसच्या वायरीत पट्टी बॅटरीकडे. 1एन4007 सुद्धा चालतो, पण तो 0.6-0.7 व्होल्ट खातो आणि इथं तेवढेही व्होल्ट सोडवत नाहीत.

एलईडी लावायचा तर स्विचच्या पुढं, प्लस 9 आणि मायनस 9 यांच्यामध्ये, 10 किलोओहम घालून. दीड मिलिअँपिअरच्या आसपास जातो. ग्राउंड आणि एकाच बॅटरीवर लावलात तर ती बॅटरी आधी बसते आणि मग थापेची एकच बाजू कापली जाते.

आयसी बसवण्याआधी मीटरची काळी पिन ग्राउंडला धरून सॉकेटवर मोजा: 8 ला प्लस 9 च्या आसपास, 4 ला मायनस 9. आकडे बरोबर आले तरच आयसी लावा. मग इनपुट मोकळं ठेवून 1 नंबरच्या आउटपुटवर डीसी बघा. काही मिलिव्होल्ट ठीक. व्होल्टमध्ये दिसला तर बहुतेक मधला जोड तुटलाय किंवा एक बॅटरी लागलीच नाही.

टीएल072 जेमतेम 3 मिलिअँपिअर घेतो, म्हणून अल्कलाइन बॅटऱ्यांवर शंभर तास आरामात निघतात. त्याऐवजी एनई5532 हा आयसी लावला तर तो सुमारे 8 घेतो, तिथं पन्नास-साठ धरा. प्रीअँप चालू असताना कुठलीही एक बॅटरी 7 व्होल्टच्या खाली आली की दोन्ही बदला. एक नवी, एक जुनी असं चालवू नका.

मोठ्या सेटसाठी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या घेता येतात, पण तिथं चूक महागात पडते. दोन्ही मालिकेत जोडलेल्या असताना एकाच चार्जरचे प्लस-मायनस दोघींना समांतर लावले तर सरळ शॉर्ट होतो, वायर वितळते. चार्ज करताना मधला जोड सोडवा, प्रत्येकीला वेगळा चार्जर लावा आणि प्रत्येकीच्या प्लसजवळ 1 अँपिअरचा फ्यूज कायमचा ठेवा.

आपल्याकडची खारी हवा क्लिपच्या बटणांवर हिरवट थर आणते. नाटक रंगात आलं असताना खरखर सुरू झाली तर आधी तिथं बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, बटणं पकडीनं हलकीच आवळा, वर व्हॅसलिनचा पुसट हात द्या. अल्कलाइन गळून पांढरी भुकटी आली असेल तर व्हिनेगरचा बोळा फिरवून मग अल्कोहोल. तांब्याची भांडी कोकमानं लखलखतात म्हणून कोकमाचं आगळ वापरू नका. त्यातलं मीठ पितळ-लोखंड पुन्हा खायला घेतं.

जत्रा संपल्या की मृगाआधी दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढा, एकाच चिकटपट्टीनं जोडी बांधा आणि तिच्यावर दोघींचे व्होल्ट लिहून ठेवा. बटणांवर मात्र वेगळी पट्टी लावा, नाहीतर पेटीत ती एकमेकांना टेकतात.