स्वतःचे शब्द संपल्यानंतरची प्रार्थना

पहाटे उठून प्रार्थना कशी करावी, यावर आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पुष्कळ बोलले जाते. परंतु प्रार्थना करताच येईनाशी झाली तर काय करावे, हे मला वेळेवर कोणीही सांगितले नाही, आणि त्याची चीड आजही मनातून गेलेली नाही.

अहमदनगरमधील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील, आमच्या माहेरी संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला सहसा खंड पडत नसे. नारायण वामन टिळकांचे एखादे भजन, शास्त्रपाठ आणि मग प्रत्येकाने आपापल्या शब्दांत केलेली प्रार्थना, असा तो क्रम होता. लग्नानंतरही पहाटे पाचचा एकांत मी बारा वर्षे सांभाळला.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. तिची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. सुरुवातीचे काही आठवडे मी उपास करून, रडून, आग्रहाने मागितले. तिसऱ्या महिन्यात मात्र गुडघे टेकल्यावर ‘हे प्रभू’ या दोन शब्दांपुढे काही सुचेना. मी घड्याळाकडे पाहत बसे, ओट्यावर दूध ठेवले आहे हे आठवे आणि उठून जाई. असे एक-दोन दिवस नव्हे, तर सात महिने चालले.

त्या काळात आमच्याकडे एक प्रार्थनागट येत असे. त्यातील एका बंधूंनी आईच्या खाटेशी उभे राहून विचारले, “घरात कबूल न केलेले काही पाप आहे का? विश्वास कुठेतरी उणा पडतो आहे.” आईला बोलता येत नव्हते, पण समजत सर्व होते, तिने तोंड भिंतीकडे वळवले. तो क्षण मी विसरू शकलेले नाही. शरीरातील काटा, म्हणजे जडलेली पीडा, दूर व्हावी म्हणून प्रेषित पौलाने तीन वेळा विनंती केली आणि त्याला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर मिळाले, हे पवित्र शास्त्रात, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. पौलाचा विश्वास उणा होता, असे त्या बंधूंनी म्हटले असते का? आजाऱ्याच्या घरी असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना नम्रपणे, पण स्पष्टपणे थांबवावे. मी तेव्हा थांबवले नाही, याचे मला दुःख आहे.

वाट दाखवली ती आमच्या महिला मंडळातील एका वयस्कर मावशींनी. त्या म्हणाल्या, “तुझे शब्द संपलेत ना, बाळ? मग दाविदाचे घे.” म्हणजे पवित्र शास्त्रातील स्तोत्रे, ज्यांतली पुष्कळ दाविदाच्या नावावर आहेत. ती दीडशे आहेत, रोज पाच वाचली की तीस दिवसांत संपतात. एकशे एकोणिसावे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, ते मी तुकडे करून वाचते. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. पवित्र शास्त्रात अशी प्रार्थना मान्य आहे, तर माझी का नसावी, हा विचार मला धीर देऊन गेला.

पाठ केलेली प्रार्थना मनापासून नसते, असे आमच्याकडे अनेकांना वाटते आणि मलाही तसेच वाटत असे. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात व्यर्थ बडबड करू नका असे सांगणारा प्रभू येशू लगेच पुढे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही तयार शब्दांतली प्रार्थना शिकवतो, आणि धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तिसऱ्यांदा प्रार्थना करताना तो स्वतः तेच शब्द पुन्हा बोलतो.

एका रात्री मी आईजवळ बसून सवयीने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणू लागले, तेव्हा तिचे ओठ हलले. ज्या आईला पाणी मागता येत नव्हते, ती ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे शब्द अडखळत, पण ओळखू येतील असे म्हणाली. वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर समजावले की, बोलण्याची शक्ती गेलेल्या काही रुग्णांमध्ये लहानपणापासून पाठ असलेली गाणी आणि प्रार्थना शिल्लक राहतात. म्हणून मुलांकडून स्तोत्रे पाठ करून घ्या, असे मी आता प्रत्येक आईला सांगते.

आधी सांगायचे राहिले ते असे, की स्तोत्र मोठ्याने वाचावे, मनातल्या मनात वाचले तर लक्ष दुसऱ्या ओळीलाच भरकटते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. त्यावर पवित्र शास्त्र उघडले की पाठोपाठ निरोपही उघडले जातात. मन कोरडे पडलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असे सोळाव्या शतकातील ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी सांगून ठेवले आहे. मी वेळ बदलून पाहिली होती, आणि त्या पंधरवड्यात प्रार्थना पूर्णच सुटली.

आईची वाचा परत आलेली नाही. माझे शब्द काही पहाटे येतात, काही पहाटे येत नाहीत; आज बेचाळिसावे स्तोत्र होते, ते मी तिच्या खाटेशी बसून दोनदा वाचले.