आर्किटेक्ट आणि आरसीसीवाला एकाच टेबलावर

आमच्या नाशिकमध्ये बिल्डिंगचं काम कसं सुरू होतं माहितीये? आधी आर्किटेक्ट प्लॅन काढतो, मालकाला आवडतो, महापालिकेत फाईल जाते, आणि मग कधीतरी माझ्यासारख्या आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे बिल्डिंगचा काँक्रीटचा सांगाडा डिझाईन करणाऱ्या इंजिनिअरला, फोन येतो की साहेब खोदाई सुरू झालीये, कॉलमचा लेआऊट द्या लवकर. मग हॉलच्या मधोमध बीम येतो, पार्किंगमध्ये नेमकी गाडी वळते तिथे कॉलम येतो, आर्किटेक्ट म्हणतो सरकवा, आम्ही म्हणतो सरकत नाही, आणि शेवटी सगळं पीओपीखाली झाकून टाकतात. कोणाचा दोष म्हणून नाही, पद्धतच तशी पडलीये, पण मला ती मनापासून खटकते.

म्हणून आज एसओएमबद्दल लिहितोय. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल, आर्किटेक्ट आणि इंजिनिअर एकाच छताखाली काम करणारी अमेरिकन फर्म. १९३६ ला शिकागोत पहिल्या दोघांनी सुरू केलेली फर्म, १९३९ ला इंजिनिअरिंगची बाजू सांभाळणारा जॉन मेरिल पार्टनर झाला. म्हणजे बघा, इंजिनिअरिंगवाल्याचं नाव तेव्हापासून फर्मच्या पाटीवरच! दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी ओक रिज नावाचं अख्खं गाव यांनी आखलं, तेही गुप्तपणे. १९५२ ला न्यूयॉर्कचं लीव्हर हाऊस झालं, काचेच्या ऑफिस बिल्डिंगांची लाट त्यानंतर जगभर गेली.

पण माझा खरा जीव अडकलाय तो फझलूर खान या माणसात. १९२९ चा जन्म, ढाक्याचा, कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि मग ढाक्यात शिकलेला, १९५२ ला स्कॉलरशिपवर अमेरिकेत गेला आणि १९५५ ला एसओएममध्ये लागला. तेव्हा अडचण अशी होती की बिल्डिंग जितकी उंच तितकं वाऱ्यासाठी लागणारं स्टील भयानक वाढायचं, कारण ताकद सगळी आतल्या कॉलम-बीमच्या फ्रेममध्ये शोधायचे. खाननं काय केलं, कॉलम बाहेरच्या कडेला आणले, जवळजवळ ठेवले, बीमनं घट्ट जोडले, की मग अख्खी बिल्डिंग जमिनीत रोवलेल्या बांबूसारखी काम करते, आतून पोकळ पण वाकायला अवघड. यालाच ट्यूब म्हणतात.

आणि हे त्यानं एकट्यानं केबिनमध्ये बसून केलं नाही. ब्रूस ग्रॅहम नावाचा आर्किटेक्ट आणि खान, दोघं सुरुवातीपासून बरोबर. शिकागोचं जॉन हॅनकॉक सेंटर घ्या, १९६९ चं, १०० मजले, ३४४ मीटर. खाली दुकानं, पार्किंग, ऑफिसं आणि वर फ्लॅट. आता ऑफिसला रुंद मजला चालतो पण फ्लॅटला प्रत्येक खोलीला खिडकी पाहिजे, म्हणून वरचे मजले लहान हवेत, आणि वर निमुळती होत गेलेली बिल्डिंग वाऱ्यालाही बरी. म्हणजे राहणाऱ्याची सोय आणि स्ट्रक्चरची सोय एकाच रेषेत आली. बाहेरून दिसणारे ते मोठमोठे एक्स म्हणजे ब्रेसिंगच, वाऱ्याविरुद्ध बिल्डिंगला ताठ ठेवणारे तिरपे आधार, झाकलेलं नाही, तीच त्या बिल्डिंगची ओळख झाली. हे मला फार आवडतं.

मग शिकागोचाच सीअर्स टॉवर, ४४२ मीटर, ७५ फुटी चौरसाच्या ९ ट्यूब एकमेकींना जोडलेल्या. दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या आणि उरलेल्या दोन थेट वर. दिसायला भारी, आणि त्या पायऱ्यांमुळे वाऱ्याचा जोरही तुटतो. १९७४ पासून १९९८ पर्यंत जगात सगळ्यात उंच हीच. खान १९८२ ला गेला, अवघा ५२ चा होता. नंतर बुर्ज खलिफाही याच फर्मचं, ८२८ मीटर, तिथे मधल्या षटकोनी गाभ्याला तीन बाजूंनी तीन पंख टेकू देतात आणि वर जाताना आकार बदलत राहतो म्हणून वाऱ्याला बिल्डिंग झुलवायची लय सापडत नाही.

तुम्ही म्हणाल नाशिकला याचं काय. अहो आता गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला टॉवर चढायला लागलेत. कोडमध्ये, म्हणजे डिझाईनसाठीच्या भारतीय मानकांत, नाशिकचा बेसिक वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे, भूकंपाच्या झोन ३ मध्ये धरूनच आम्ही इतकी वर्षं डिझाईन करत आलोय, आणि चार मजल्यांच्या बिल्डिंगला चालून गेलेली शेवटी फोन करायची पद्धत वीस मजल्यांना चालणार नाही. पहिल्या स्केचलाच बोलवा आम्हाला, लिफ्ट आणि जिना कुठे ठेवायचा हे ठरतानाच शिअर वॉल, म्हणजे वारा-भूकंपाचा आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, बसवून घेऊ, प्लॅन बिघडत नाही उलट कॉलम कमी होतात.

आणि यांचं काम बघायला शिकागोला जायची गरज नाही, मुंबई एअरपोर्टचं टी-२ त्यांचंच डिझाईन, २०१४ ला सुरू झालं. एवढं अवाढव्य छप्पर मोजक्या ३० कॉलमवर उभंय, कॉलम वर जाता जाता पसरत छतात मिसळतो आणि मधल्या जाळीतून उजेड खाली येतो. कॉलम कुठे संपला आणि छत कुठे सुरू झालं ते दाखवा मला, मी बराच वेळ मान वर करून शोधत होतो.