तुम्ही विचारलंत म्हणून : सर्व्हरवर कोणती प्लगइन घ्यावीत?

ओळखीच्या मंडळींसाठी मी फ्रेंडिकाचा (फेसबुकसारखे, पण स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारे मुक्त समाजमाध्यम) सर्व्हर सांभाळतो हे कळले, की स्वतःचा सर्व्हर उभारू पाहणारे हटकून विचारतात, की सुरुवातीला कोणती प्लगइन, म्हणजे मूळ प्रणालीला जादा सोयी देणारी जोडसाधने, घालावीत. तयार यादी देणे मी टाळतो. प्लगइन कोणती सोय देते, यापेक्षा ते सदस्यांच्या कोणत्या माहितीपर्यंत पोहोचते आणि त्याची देखभाल कोण करते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

फ्रेंडिकात प्लगइनला अ‍ॅडऑन म्हणतात. मूळ प्रणालीत पोस्ट साठवताना, पान दाखवताना, नवा सदस्य नोंदवताना अशा ठरावीक टप्प्यांवर ‘हूक’ ठेवलेले असतात आणि अ‍ॅडऑन तेथे आपले काम जोडते. मात्र ते मूळ प्रणालीच्याच अधिकारांनिशी चालते. त्याला वेगळे कुंपण नसते, त्यामुळे खासगी संदेशांसह सगळा डेटाबेस त्याच्या आवाक्यात असतो. ‘एवढेसे तर आहे, घालून टाकू’ हे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

ग्रॅव्हॅटरचे अ‍ॅडऑन वरवर अगदी निरुपद्रवी दिसते. नव्या सदस्याने छायाचित्र लावलेले नसेल, तर ते ग्रॅव्हॅटर या बाहेरच्या सेवेकडे त्याचे चित्र शोधते आणि त्यासाठी ईमेल पत्त्याचा हॅश, म्हणजे पत्त्यावरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची खूण, वापरते. हॅशवरून पत्ता सरळ उलगडत नाही हे खरे. पण संभाव्य पत्त्यांचे हॅश काढून जुळवून पाहता येतात, आणि नाव, आडनाव व जन्मसाल जोडून केलेले पत्ते आपल्याकडे सर्रास असल्याने तो अंदाज बांधणे फारसे अवघड नसते. बड्या कंपन्यांपासून दूर राहण्यासाठी ज्याने आपल्याकडे खाते उघडले, त्याची ही खूण त्याला न विचारता बाहेर जाऊ देणे मला गैर वाटते. ते अ‍ॅडऑन मी बंदच ठेवतो.

भाषेनुसार पोस्ट झाकणारे अ‍ॅडऑन मात्र मी उपलब्ध ठेवतो, कारण ते वापरायचे की नाही हे प्रत्येक सदस्य स्वतः ठरवतो. लिपी एकच असल्याने छोटी मराठी पोस्ट हिंदी समजली जाऊ शकते, एवढे आधी सांगून ठेवावे.

देखभालीचा प्रश्न याहून कठीण आहे. २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या एपीआयचा (इतर प्रोग्रॅमना ट्विटरशी जोडून देणाऱ्या सोयीचा) पूर्वीसारखा मोफत वापर बंद केला आणि त्यावर विसंबलेली अनेक जोडसाधने निकामी झाली; त्यांत ती साधने लिहिणाऱ्यांचा काहीच दोष नव्हता. वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीवर बडीप्रेस हे समाजमाध्यमाच्या सोयी देणारे प्लगइन घालून समूह चालवणाऱ्यांनी २०१७ मधले ‘डिस्प्ले विजेट्स’चे प्रकरण जरूर वाचावे. सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर असलेले ते प्लगइन विकले गेले आणि नव्या मालकाच्या काळात अद्ययावत आवृत्तीतूनच त्यात घातक कोड आला. म्हणून मी शेवटचा बदल केव्हा झाला, तक्रारींना उत्तरे मिळतात का आणि मालकी बदलली आहे का, हे आधी पाहतो.

फ्रेंडिकाच्या बाबतीत मूळ प्रणाली आणि अ‍ॅडऑन यांची शाखा, म्हणजे कोडची स्थिर किंवा विकासाधीन धारा, एकच असावी लागते. एक स्थिर आणि दुसरी विकासाधीन ठेवली, तर पाने कोलमडू शकतात. आधी बॅकअप घ्यावा, एका वेळी एकच अ‍ॅडऑन सुरू करावे आणि पुढचे घालण्यापूर्वी काही दिवस लॉग (सर्व्हरने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) पाहत राहावे, म्हणजे बिघाड झालाच तर तो कशामुळे झाला हे शोधत बसावे लागत नाही.