बारा टक्के कशाचे?

"दादा, यातला कुठला ०.१२ जीएसटीचा आणि कुठला डीलरच्या सवलतीचा?"

टीममधल्या नव्या मुलीने आज स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर, स्क्रोल करून बोट दुखेल एवढं लांब एकच फंक्शन (कोडचा सलग तुकडा), आणि त्यात जागोजागी नुसता ०.१२. ना नाव, ना गाव.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ टक्क्यांतल्या बऱ्याच वस्तू ५ वर आल्या. तेव्हा कोणीतरी तारीख तपासणारा एक 'इफ' (जर-तरची अट) टाकून वेळ मारून नेलेली. वर कॉमेंट : 'तात्पुरतं. हात लावू नका.'

कोड तपासणाऱ्या टूलने फंक्शनला लाल शेरा दिला होताच. कोडला फाटे किती फुटतात ते मोजायची ही रीत थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडली. १० च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. पण टूल फाटे मोजतं. हा कर की सवलत, हे त्याला कोण सांगणार?

मग जुनी बिलं काढली, त्यांच्यावरून आधी टेस्ट (हिशोब तोच येतो का ते तपासणारा कोड) लिहिल्या आणि नंतरच एकेका आकड्याला नाव दिलं. कराचे दर तारखेसकट टेबलात गेले. (कारण जुन्या बिलाचा माल परत आला तर क्रेडिट नोटला, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाला, जुनाच दर लागतो.)

एक ०.१२ मात्र कशातच बसेना. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय.

तुम्ही अशा वेळी काय करता? सरळ फोन लावता?